घरचा नॅस बांधताना: आधी डिस्क, मग वीज, प्रोसेसर शेवटी

नॅस म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवर साठवून ठेवणारं यंत्र. त्यासाठी सुट्या भागांची यादी करायला बसलं की पहिल्या ओळीत प्रोसेसर लिहायचा मोह होतो, कारण पीसी जुळवायची सवय तशीच असते. नॅसला तो क्रम मानवत नाही. इथे खरं काम चोवीस तास फिरणाऱ्या डिस्क करतात. बाकीचे भाग त्यांना जोडायला, वीज द्यायला आणि थंड ठेवायला असतात. म्हणून या बांधणीत निवड डिस्कपासून सुरू केली आणि प्रोसेसरचा नंबर बराच खाली लागला.

त्याआधी डेटा मोजला. फोटो आणि घरी काढलेले व्हिडिओ ३.५ टीबी, संगणकांचे बॅकअप आणि कागदपत्रं १.५ टीबी, चित्रपट आणि संगीत २ टीबी, म्हणजे एकूण ७ टीबी. वर्षाला साधारण १ टीबीची भर पडते, त्यामुळे पाच वर्षांनी १२ टीबी होणार. पाचच वर्षं धरली, कारण नॅसच्या डिस्कची वॉरंटी बहुतेक ३ किंवा ५ वर्षांची असते आणि त्यापुढचं नियोजन निव्वळ अंदाजपंचे ठरतं. झेडएफएससारख्या फाइल सिस्टम (डिस्कवर फाइली मांडणारी प्रणाली; इथे हीच वापरली) जुन्या जागेवर न लिहिता नेहमी नव्या जागी लिहितात, त्यामुळे पूल, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेला एक साठा, फार भरला की मोकळे तुकडे शोधण्यात वेळ जाऊन लिहिणं मंदावतं. ८० टक्क्यांच्या आत राहायचं तर १२ भागिले ०.८, म्हणजे १५ टीबी वापरण्याजोगी जागा हवी.

या हिशेबात एक खाच आहे. डिस्क बनवणारे टीबी दशमान पद्धतीने मोजतात. ८ टीबीची डिस्क म्हणजे ८ लाख कोटी बाइट. बऱ्याच ऑपरेटिंग सिस्टम १०२४ च्या पटीत मोजतात, म्हणून तीच डिस्क ७.२८ दिसते. जागा कुठे गेलेली नसते, फक्त माप वेगळं असतं. एक माप धरून शेवटपर्यंत तेच वापरावं, नाहीतर यादीच्या शेवटी एक डिस्क कमी भरते.

१५ टीबीसाठी चार मांडण्या समोर होत्या. १६ टीबीच्या दोन डिस्कांचा मिरर (दोन्हींवर तोच डेटा), ८ टीबीच्या चार डिस्कांचे दोन मिरर, त्याच चार डिस्क रेड-झेड२ मध्ये (दोन डिस्कांइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे हरवलेला डेटा पुन्हा काढून देणाऱ्या जादा माहितीला), किंवा ४ टीबीच्या सहा डिस्क रेड-झेड२ मध्ये. चारही ठिकाणी जागा १६ टीबीच मिळते. दोन डिस्कांच्या मिररला सगळ्यात कमी वीज आणि कमी पोर्ट लागतात, आणि वाढवायचा तर आणखी एक जोडी घातली की झालं. प्रामाणिकपणे सांगायचं तर बहुतेक घरांना हाच पुरेसा आहे. पण एक डिस्क गेली की दुसरी बदलून होईपर्यंत सगळा भार उरलेल्या एकीवर असतो. दोन मिरर केले तर दोन डिस्क गेल्या तरी निभावतं, मात्र त्या वेगवेगळ्या जोडीतल्या असाव्या लागतात. रेड-झेड२ मध्ये कुठल्याही दोन गेल्या तरी डेटा शाबूत राहतो. सहा डिस्कांच्या मांडणीत तोच फायदा असला तरी दोन जास्तीचे पोर्ट, दोन जास्तीच्या केबल आणि दोन डिस्कांची कायमची वीज लागते. म्हणून चार डिस्क, ८ टीबी, रेड-झेड२.

एका पॅरिटीचं रेड-झेड१ का नाही? डिस्क बदलल्यावर उरलेल्या तीन डिस्क पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे पूल भरलेला असेल तर २४ टीबीचं वाचन. घरगुती डिस्कांच्या माहितीपत्रकात न वाचता येणाऱ्या सेक्टरचं (डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचं) प्रमाण १०^१४ बिटांमागे एक असं लिहिलेलं असतं. १०^१४ बिट म्हणजे १२.५ टीबी. प्रत्यक्षात डिस्क या आकड्यापेक्षा बऱ्याच चांगल्या वागतात, आणि असा एखादा सेक्टर लागला तर झेडएफएस तेवढी फाइल खराब म्हणून दाखवतं, सगळा पूल टाकून देत नाही. तेव्हा या आकड्यावरून जी घबराट पसरवली जाते ती जरा जास्तच आहे. खरा धोका वेगळा आहे. एकाच वयाच्या, एकाच कपाटात तापलेल्या चार डिस्कांपैकी एक गेली की बाकीच्यांवर नेमका त्याच वेळी दिवसभराचा सलग भार पडतो.

वाढीची सोय आता पूर्वीपेक्षा बरी आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या ओपनझेडएफएस (झेडएफएसची मुक्त आवृत्ती) २.३ पासून रेड-झेडमध्ये एकेक डिस्क वाढवता येते. फक्त जुना डेटा जुन्याच पॅरिटीच्या प्रमाणात राहतो, तो पुन्हा लिहिला गेला तरच नवं प्रमाण लागू होतं. म्हणून कॅबिनेट आणि पोर्ट सहा डिस्कांच्या हिशेबाने घ्यायचे आणि आज चारच बसवायच्या असं ठरलं.

डिस्क कोणती

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवावा. पहिली चाळणी सीएमआर की एसएमआर. डिस्कवर डेटाच्या गोल रेघा, म्हणजे ट्रॅक, मांडायच्या या दोन पद्धती. सीएमआरमध्ये ट्रॅक शेजारी-शेजारी असतात. एसएमआर डिस्कमध्ये कौलं एकमेकांवर चढवतात तसे ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात. त्यामुळे मधला एक ट्रॅक बदलायचा तर त्या पट्ट्यातले पुढचे सगळे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. रोजच्या थोड्या लिखाणात हे जाणवत नाही, कारण डिस्क आधी एका छोट्या राखीव भागात लिहून घेते आणि मोकळ्या वेळेत आवराआवर करते. पूल दुरुस्त होत असताना मोकळा वेळ मिळतच नाही. राखीव भाग भरतो, वेग एकदम कोसळतो, डिस्क उत्तर द्यायला उशीर करते आणि सिस्टम तिला मेलेली समजून बाहेर काढते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. त्यानंतर कंपनीने सीएमआर डिस्क ‘रेड प्लस’ नावाने वेगळ्या केल्या. नुसत्या मालिकेच्या नावावर विसंबू नये. पूर्ण मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात ‘सीएमआर’ हा शब्द डोळ्यांनी पाहावा. तिथे काहीच लिहिलेलं नसेल तर ती डिस्क सोडून द्यावी.

दुसरी चाळणी चूक सापडल्यावर डिस्क किती वेळ झगडते याची. साध्या डेस्कटॉप डिस्कला सेक्टर वाचता आला नाही तर ती एक मिनिटापेक्षाही जास्त वेळ प्रयत्न करत बसू शकते, कारण डेटाची दुसरी प्रत नाही असं ती गृहीत धरते. लिनक्सचा कर्नल (सिस्टमचा गाभा) साधारण ३० सेकंद थांबतो आणि मग डिस्क रीसेट करतो. नॅससाठी बनवलेल्या डिस्क ७ सेकंदांत हात वर करतात आणि मग पॅरिटीवरून डेटा भरून काढता येतो. डिस्कची प्रकृती सांगणाऱ्या ‘स्मार्टसीटीएल’ या आज्ञेच्या ‘एससीटी-ईआरसी’ पर्यायाने ही मर्यादा पाहता येते. तिथे आकडा सेकंदाच्या दहाव्या भागात दिसतो, म्हणून ७० म्हणजे ७ सेकंद. काही डिस्कांत ती बदलताही येते, पण बऱ्याच डिस्क वीज गेली की नवा आकडा विसरतात. तेव्हा ती आज्ञा सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच टाकावी.

चारही डिस्क एकाच खोक्यातल्या, लागोपाठच्या क्रमांकांच्या घेऊ नयेत. उत्पादनातला दोष एकाच तुकडीत असतो. दोन विक्रेत्यांकडून दोन-दोन, किंवा दोन वेगळ्या कंपन्यांच्या समान क्षमतेच्या डिस्क चालतात. वेगळ्या कंपन्यांच्या असतील तर पूल सगळ्यात लहान डिस्कच्या मापाने बनतो, पण आजकाल ८ टीबीच्या डिस्कांतला फरक नगण्य असतो.

वापरलेल्या सर्व्हर डिस्क घ्यायच्या असतील तर त्यांत तत्त्वतः वावगं काही नाही, फक्त दोन गोष्टी बघा. सॅस (सर्व्हरमधल्या जोडाची) डिस्क साध्या साटा पोर्टला (घरगुती संगणकातल्या जोडाला) लागत नाही, सॅस कार्डच हवं. उलट साटा डिस्क सॅस कार्डवर बिनतक्रार चालते. आणि ‘चालू तास’ हा स्मार्टमधला, म्हणजे डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते त्या नोंदीतला, आकडा पुसता येतो. २०२५ च्या सुरुवातीला वापरलेल्या सीगेट डिस्क आकडे पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण बाहेर आलं. सीगेटच्या डिस्कमध्ये ‘फार्म’ नावाची स्वतंत्र नोंद असते आणि स्मार्टसीटीएलची नवी आवृत्ती ती वाचू शकते. दोन्हीकडचे तास जुळले नाहीत तर डिस्क परत करा.

पोर्ट मोजताना

मदरबोर्डच्या खोक्यावर ‘६ साटा’ लिहिलेलं असलं तरी सहाही एकाच वेळी चालतील असं नाही. अनेक बोर्डांवर एम.२ स्लॉटमध्ये (बोर्डावरच खोचायच्या एसएसडीची जागा) एसएसडी घातली की पाचवा किंवा सहावा साटा पोर्ट, कधी दोन्ही, बंद पडतात, कारण डेटा नेणाऱ्या मार्गिका सामाईक असतात. ही टीप मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरात असते. बोर्ड घेण्याआधी मॅन्युअल उतरवून ते एकच पान वाचलं तरी पुष्कळ मनस्ताप वाचतो. या बांधणीत सहा डिस्क आणि सिस्टमसाठी एक एसएसडी, असे सात मार्ग हवे होते. बोर्डावर चारच साटा पोर्ट होते आणि एम.२ स्लॉटची मार्गिका स्वतंत्र होती. उरलेल्या दोन पोर्टसाठी पुढेमागे कार्ड लागणार, म्हणून एक मोकळा पीसीआयई (जादा कार्डं बसवायचा) स्लॉट राखून ठेवला.

कार्ड निवडताना चिप बघावी. एएसएम११६६ ही सहा पोर्टांची आणि जेएमबी५८५ ही पाच पोर्टांची, दोन्ही पीसीआयई ३.० च्या दोन मार्गिकांवर चालणाऱ्या. दोन मार्गिकांना मिळून साधारण २ जीबी प्रतिसेकंद मिळतात. सहा डिस्क एकाच वेळी २५० एमबीने धावल्या तरी १.५ जीबी होतात, म्हणजे पुरेसं आहे. पण हेच कार्ड चिपसेटच्या पीसीआयई २.० च्या एका मार्गिकेच्या स्लॉटमध्ये बसवलं तर सगळ्यांना मिळून ५०० एमबीच उरतात आणि स्क्रबला (सगळा डेटा वाचून तपासण्याला) लागणारा वेळ पुष्कळ वाढतो. आठ, दहा, वीस पोर्टांची स्वस्त कार्डं दिसतात. त्यांच्यात बहुधा एका पोर्टचे पाच करणारी पोर्ट मल्टिप्लायर चिप दडलेली असते. एक डिस्क अडली की त्या चिपवरच्या सगळ्या डिस्क एकदम गायब होतात. ही कार्डं नकोतच. यूएसबीवर चालणारे चार-पाच डिस्कांचे डबेही याच कारणासाठी नकोत.

जास्त डिस्क असतील तर एलएसआय कंपनीचं ९२११-८आय किंवा ९३००-८आय कार्ड घेतात. त्यावर रेडचं, म्हणजे कार्डानेच डिस्क एकत्र बांधणारं, फर्मवेअर (कार्डातला प्रोग्रॅम) नको, ‘आयटी मोड’चं हवं, म्हणजे डिस्क जशीच्या तशी सिस्टमला दिसते. ही कार्डं सर्व्हरच्या जोरदार वाऱ्यासाठी बनवलेली असतात. शांत कॅबिनेटमध्ये त्यांचा हीटसिंक हात लावता येणार नाही इतका तापतो, म्हणून त्यावर ४० मिलिमीटरचा छोटा पंखा लावावा. एका कनेक्टरमधून चार साटा काढणारी केबल दोन प्रकारची मिळते, ‘फॉरवर्ड’ आणि ‘रिव्हर्स’. दिसायला दोन्ही सारख्याच. कार्डाकडून डिस्ककडे जायला फॉरवर्ड लागते. रिव्हर्स लावली तर काही जळत नाही, पण एकही डिस्क दिसत नाही.

वीज

प्रोसेसर किती वॉटचा यावर पॉवर सप्लाय ठरवायची सवय इथे नडते. साडेतीन इंची डिस्क फिरत असताना ५ ते ८ वॉट घेते, पण सुरू होताना काही सेकंद १२ व्होल्टवर २ अँपिअरपर्यंत ओढते. म्हणजे २४ वॉट. सहा डिस्क एकदम सुरू झाल्या तर १४४ वॉट, शिवाय त्याच क्षणी प्रोसेसर आणि बोर्ड जागे होत असतात. चांगल्या प्रतीचा ३०० ते ४०० वॉटचा सप्लाय सहा डिस्कांना सहज पेलतो. ७५० वॉटचा घेऊन फायदा नाही, उलट तोटा. सप्लाय किती वीज वाया घालवतो हे सांगणारी ८० प्लसची प्रमाणपत्रं साधारणपणे २०, ५० आणि १०० टक्के भारावर मोजलेली असतात, १० टक्क्यांची चाचणी टायटॅनियमसारख्या वरच्या दर्जाला लागते. नॅस बहुतेक वेळ ४०-५० वॉटवर बसलेला असतो. ७५० वॉटच्या सप्लायसाठी तो भार ५-७ टक्के झाला, आणि तिथे गोल्ड दर्जाचा सप्लाय किती वाया घालवतो हे त्या प्रमाणपत्रावरून कळतच नाही.

चोवीस तास चालणाऱ्या यंत्रात १ वॉट म्हणजे वर्षाला ८.७६ युनिट. ४५ वॉट धरले तर वर्षाला ३९४ युनिट. जुना डेस्कटॉप फुकट पडून आहे म्हणून नॅस करायचा विचार असेल तर आधी भिंतीच्या सॉकेटला वॉटमीटर लावून तो रिकामा किती खातो ते मोजा, मग ठरवा.

सप्लाय चांगला घेऊनही घोळ होतो तो कनेक्टरांत. साटाच्या पॉवर कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिन असतात, प्रत्येकी १.५ अँपिअर, एकूण ४.५ अँपिअर. एका साटा कनेक्टरला चार डिस्कांचा स्प्लिटर लावला तर सुरू होताना ८ अँपिअर त्यातून जाऊ पाहतात. पिन तापते, प्लास्टिक मऊ पडतं, जोड ढिला होतो आणि तो आणखी तापतो. सप्लायमधून थेट येणाऱ्या वायरीवरचे कनेक्टर आधी वापरावेत, प्रत्येक वायरीवर तीन-चारच्या वर डिस्क घालू नयेत. स्प्लिटर लागलाच तर जुन्या चार पिनांच्या मोलेक्सवरून घ्यावा, कारण त्याची पिन जास्त प्रवाह सोसते. त्यातही साचात ओतलेल्या अखंड प्लास्टिकचा कनेक्टर नको, कारण आत वायरी एकमेकींना चिकटून शॉर्ट झाल्याचे आणि पेटल्याचे प्रकार सर्वज्ञात आहेत. वायर मागून स्वतंत्रपणे खोचलेली दिसते असा क्रिंप केलेला घ्यावा.

मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) सप्लायच्या केबल दुसऱ्या सप्लायला लावू नयेत, एकाच कंपनीच्या वेगळ्या मॉडेललाही नाही. डिस्ककडचं टोक प्रमाणित असतं, सप्लायकडचं नसतं. कनेक्टर व्यवस्थित बसतो आणि ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात. चार डिस्क एका बटणासरशी जातात आणि त्यापुढे कसलीही पॅरिटी उपयोगी पडत नाही.

आणखी एक कोडं. नवी सर्व्हर डिस्क, किंवा यूएसबी डब्यातून काढलेली डिस्क, लावली तर फिरतच नाही, पण दुसऱ्या संगणकावर चालते. कारण तिसऱ्या पिनवरचे ३.३ व्होल्ट. नव्या मानकात त्या पिनवर वीज आली की डिस्क बंद राहते, म्हणजे सर्व्हरमध्ये ती दुरून बंद-चालू करता येते. जुन्या पद्धतीचे सप्लाय तिथे कायम ३.३ व्होल्ट देतात. पहिल्या तीन पिनांवर कॅप्टॉन (वीजरोधक) टेप लावली, किंवा मोलेक्सवरून वीज घेतली की प्रश्न सुटतो, कारण मोलेक्समध्ये ३.३ व्होल्टची वायरच नसते.

कॅबिनेट आणि वारा

कॅबिनेटबद्दल थोडकंच. सहा साडेतीन इंची जागा, डिस्कांच्या समोर १२० किंवा १४० मिलिमीटरचे दोन पंखे, दोन डिस्कांमध्ये बोटभर फट आणि रबरी वॉशर. क्षमता वाढत गेली तसे अनेक मोठ्या डिस्कांच्या तळाचे मधले स्क्रूचे भोक गेले आहेत, आणि काही जुन्या कॅबिनेटच्या पट्ट्या नेमक्या त्याच भोकांवर बेतलेल्या असतात. पट्टीचा फोटो आणि डिस्कचं रेखाचित्र शेजारी ठेवून पाहावं.

वाऱ्याचं गणित मात्र बऱ्याच ठिकाणी चुकलेलं दिसतं. बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्रॅम, पंख्याचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरवतं. नॅसचा प्रोसेसर बहुतेक वेळ रिकामा आणि थंड असतो, म्हणून पंखे मंद होतात. त्याच वेळी स्क्रब चालू असेल तर डिस्क ५० अंशांपर्यंत चढतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. समोरचे पंखे बायोसमध्ये ठरावीक वेगावर, साधारण ६० टक्क्यांवर, बांधून टाकावेत, किंवा डिस्कचं तापमान वाचणारी स्क्रिप्ट लावावी. ३० ते ४० अंश उत्तम, ४५ ला सूचना यायला हवी.

बोर्ड, प्रोसेसर, मेमरी

फाइली देण्याघेण्याला गेल्या दहा वर्षांतला जवळपास कुठलाही प्रोसेसर पुरतो. प्रश्न दोनच: व्हिडिओचं रूपांतर नॅसवर करायचं का, आणि ईसीसी (स्वतःतल्या चुका पकडून सुधारणारी) मेमरी हवी का. रूपांतर करायचं असेल तर इंटेलचं क्विक सिंक (व्हिडिओ रूपांतराची अंगभूत सोय) असलेला प्रोसेसर घ्यावा. इंटेलचा छोटा एन१०० सुद्धा हे काम कमी विजेत करतो, पण त्याला पीसीआयईच्या एकूण नऊच मार्गिका आणि मेमरीचा एकच चॅनल, त्यामुळे सहा डिस्क, एसएसडी आणि वेगवान नेटवर्क एकत्र बसवताना ओढाताण होते.

इथे व्हिडिओ मूळ स्वरूपातच टीव्हीवर जाणार होता, म्हणून पारडं ईसीसीकडे झुकलं. झेडएफएसला ईसीसी अनिवार्य आहे हा समज खरा नाही, बिघडलेली मेमरी कुठल्याही फाइल सिस्टमचं सारखंच नुकसान करते. पण वर्षानुवर्षं बंद न होणाऱ्या यंत्रात ती असलेली बरी. बाराव्या पिढीपासूनच्या इंटेल कोअरसाठी ईसीसी हवी तर डब्ल्यू६८० सारख्या चिपसेटचा बोर्ड लागतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर ती तुलनेने सोपी, फक्त ग्राफिक्स असलेल्या प्रोसेसरांत ‘प्रो’ लिहिलेलाच घ्यावा लागतो, म्हणून रायझन ५ प्रो ४६५०जी घेतला. बोर्डाच्या माहितीत ‘ईसीसी चालते’ एवढंच वाचून थांबू नये. काही बोर्ड ईसीसी मेमरी घेतात, पण साध्या मेमरीसारखी वापरतात. लिनक्समध्ये ‘डीएमआयडीकोड’ने मेमरीची एकूण रुंदी ७२ बिट आणि डेटाची ६४ बिट दिसली पाहिजे, आणि कर्नलच्या नोंदींत ‘ईडीएसी’ (मेमरीच्या चुका नोंदवणारा भाग) चालू झाल्याची ओळ हवी. डीडीआर५ मेमरीच्या चिपमधली अंतर्गत ईसीसी वेगळी. ती चिपच्या आतल्या चुका सुधारते, चिप ते प्रोसेसर या वाटेवरच्या नाही.

मेमरी १६ जीबी. ‘प्रत्येक टीबीला १ जीबी’ हा नियम घरी पाळायची गरज नाही. जास्त मेमरी कॅशला उपयोगी पडते, एवढंच. डीडुप्लिकेशन (सारखा डेटा एकदाच साठवणं) चालू करायचं असेल तर गणित पार बदलतं, म्हणून ते बंदच ठेवलं. एसएसडीचा वेगळा लिखाण-लॉग लावायचा सल्लाही सर्रास दिला जातो. विंडोजच्या पद्धतीने फाइली पाठवताना लिखाण बहुधा असिंक्रोनस (डिस्कवर पोचेपर्यंत न थांबणारं) असतं, त्यामुळे त्याचा उपयोग शून्याच्या जवळपास. सिस्टमसाठी एक छोटी एम.२ एसएसडी पुरते. ट्रूनॅस (नॅससाठीची ऑपरेटिंग सिस्टम) सिस्टमची अख्खी डिस्क स्वतःकडे ठेवतं, तिथे डेटा ठेवता येत नाही, म्हणून मोठी घेऊ नये.

नेटवर्कला १ गिगाबिटवर प्रत्यक्षात ११० एमबी प्रतिसेकंद मिळतात, १ टीबी हलवायला अडीच तास. चार डिस्कांचं रेड-झेड२ मोठ्या फाइली सलग वाचताना सुमारे दोन डिस्कांचा वेग देतं, म्हणजे ३०० एमबीच्या आसपास, आणि २.५ गिगाबिटची वरची मर्यादाही साधारण तिथेच येते. त्यामुळे हा जोड बरोबर जुळतो, १० गिगाबिटची हौस इथे वाया जाते. चांगली कॅट५ई केबल २.५ गिगाबिटला १०० मीटरपर्यंत चालते. अडचण केबलमध्ये नसते, राउटरच्या १ गिगाबिटच्या पोर्टात असते, म्हणून संगणक आणि नॅस दोन्ही २.५ गिगाबिटच्या स्विचलाच जोडावेत.

यूपीएस ६०० व्हीए पुरतो, पण यूएसबीवरून बोलणारा हवा. ‘नट’ हा प्रोग्रॅम बॅटरी खाली जायला लागली की नॅस नीट बंद करतो. इथे एक सापळा आहे. नॅस बंद झाला आणि यूपीएसची बॅटरी संपण्याआधीच वीज आली, तर नॅसच्या दृष्टीने वीज कधी गेलीच नव्हती, त्यामुळे ‘वीज आल्यावर चालू हो’ ही बायोसची सेटिंग काम करत नाही. नॅस बंद झाल्यावर यूपीएसने स्वतःचं आउटपुट तोडायचं आणि वीज आली की पुन्हा जोडायचं, ही आज्ञा नटमध्ये द्यावी लागते. पूलवर डेटा नसताना प्लग प्रत्यक्ष उपटून हे करून पाहावं.

डेटा चढवण्याआधी

जोडणी झाली की लगेच फाइली चढवायला हात शिवशिवतात. थांबा. आधी मेमटेस्ट८६+ रात्रभर, कारण मेमरी खराब असेल तर डिस्कांच्या चाचणीच्या निकालाला अर्थ नाही. मग प्रत्येक डिस्कवर स्मार्टची छोटी चाचणी, नंतर ‘बॅडब्लॉक्स’ची लिहून-वाचून करायची चाचणी. ती डिस्कवरचं सगळं पुसते, म्हणून डिस्कचं नाव दोनदा तपासा. ती चार वेगवेगळे नमुने लिहिते आणि प्रत्येक परत वाचते, म्हणजे आठ फेऱ्या. ८ टीबीला सरासरी १६० एमबीचा वेग धरला तर एक फेरी १४ तासांची, सगळं मिळून साडेचार दिवसांहून जास्त. चारही डिस्क एकाच वेळी चालवाव्यात, वीज आणि वाऱ्याचीही परीक्षा त्यातच होते. ब्लॉकचं माप ४०९६ ठेवावं. १८ टीबी आणि त्याहून मोठ्या डिस्कांना मात्र ८१९२ लागतं, कारण ब्लॉकची संख्या ३२ बिटांत मावत नाही. शेवटी स्मार्टची लांब चाचणी.

मग आकडे वाचायचे. स्मार्टमधले ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे गुणधर्म (खराब सेक्टरांची मोजणी) शून्य हवेत. नव्या डिस्कवर त्यांतला एकही वाढला तर ती बदलून घ्या, ‘दोन-चारच आहेत’ म्हणू नका. १९९ (वाटेत बिघडलेल्या डेटाची मोजणी) वाढला तर दोष बहुधा डिस्कचा नसतो, साटा केबलचा किंवा ढिल्या जोडाचा असतो. केबल बदलून तो वाढायचा थांबतो का ते पाहा, जुना आकडा मात्र कायम राहतो.

पूल बनवताना डिस्कची नावं ‘एसडीए, एसडीबी’ अशी देऊ नयेत, कार्ड किंवा पोर्ट बदलला की ती बदलतात. अनुक्रमांकावरून पडलेली नावं वापरावीत आणि त्या अनुक्रमांकाचे शेवटचे चार आकडे प्रत्येक डिस्कच्या समोरच्या कडेवर चिठ्ठीने चिकटवावेत. सहा सारख्या दिसणाऱ्या डिस्कांतून खराब एक काढताना चुकून चांगली काढली जाण्याचा धोका खरा आहे. ‘ॲशिफ्ट’ (झेडएफएस किमान किती मोठ्या तुकड्यांत लिहितं याचं माप) १२ ठेवावं, पूल बनल्यावर ते बदलत नाही. स्क्रब महिन्यातून एकदा.

डिस्क मेली तर पॅरिटी वाचवते. हाताने पुसलेली फाइल, खंडणी मागणारं मालवेअर, विजेचा लोळ, चोरी यांवर तिचा इलाज नाही. १६ टीबीची एक बाहेरची डिस्क यादीत पहिल्यापासून धरली होती. ती आठवड्यातून एकदा जोडायची, स्नॅपशॉट (पूलची त्या क्षणाची स्थिती) तिच्यावर पाठवायचा आणि काढून दुसऱ्या जागी ठेवायची. कायम जोडून ठेवली तर ती बॅकअप राहत नाही.

खरा डेटा चढवण्याआधीची शेवटची पायरी म्हणजे मुद्दाम बिघाड करून पाहणं. पूलवर ५००-६०० जीबी कसलाही डेटा भरा, कारण दुरुस्तीत झेडएफएस वापरलेलीच जागा पुन्हा लिहितं आणि रिकामा पूल सेकंदांत दुरुस्त होऊन काहीच शिकवत नाही. यंत्र बंद करून एक डिस्क काढा, चालू करा, इशाऱ्याचा मेल खरंच येतो का ते बघा. काढलेली डिस्क दुसऱ्या संगणकावर पुसून परत लावा, बदलीची आज्ञा द्या, चालू असताना बाकीच्या तीन डिस्कांची तापमानं लिहून ठेवा आणि लागलेला वेळ मोजा. ६०० जीबीचा वेळ कळला की भरलेल्या पूलचा अंदाज त्रैराशिकाने निघतो. एवढं झाल्यावर पूल पुसून नव्याने बनवा आणि फोटोंपासून डेटा चढवायला सुरुवात करा.